साळूबाईची उंची

कोल्हारात साळूबाई नावाच्या तिघी होत्या, म्हणून गावाने त्यांना खुणा लावून ठेवल्या होत्या. एक कुंभाराची, एक बहिरी आणि तिसरी उंच. ही हकिकत उंच साळूबाईची.

उंच म्हणजे किती, तर लग्नात अंतरपाटाच्या वर तिचं सबंध कपाळ दिसत होतं आणि पलीकडे नवरदेवाच्या फेट्याचा नुसता तुरा. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरदेव गहिनीनाथ मान खाली घालून उभा राहिला. सासरे मात्र म्हणाले, बरं झालं, घरात शिडी घ्यायची राहिलीच होती. ते बोलणं साळूबाईने पुढे तीस वर्षं दागिन्यासारखं वापरलं. प्रवरा नदीच्या घाटावरून डोक्यावर दोन हंडे घेऊन ती निघाली की मागच्या बायकांना तिला गाठायला धावावं लागे. घरातला माळा, वरची फळी, आढ्याला टांगलेलं दह्यातुपाचं शिंकं, सगळं तिच्या हाताच्या मापाने बसवलेलं होतं. पाहुणी आलेली बाई स्वैपाकघरात शिरली तर तिला काहीच काढता येत नसे, आणि साळूबाईला त्याचं समाधान वाटे.

तिची दुसरी ओळख म्हणजे तिचा संशय. कोणी काही दिलं की ती ते आधी उलटं करून बघायची. भाजीच्या पाटीत वरची वांगी सोडून तळाला हात घालायची. एकदा गहिनीनाथाने बाजारातून तरणा म्हणून बैल आणला. तिने बैलाचं तोंड उघडून दातांवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की हे दात कानशीने घासलेत, जनावर म्हातारं आहे. चौकशी केली तर तसंच निघालं आणि बैल परत गेला. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू गहिनीनाथ आधी तिच्यापुढे ठेवी. संशय घेणं हा तिचा दोष आहे असं तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं, कारण बहुतेक वेळा तो खरा ठरायचा.

चाळिशीच्या वर पाच-सहा वर्षं झाली तेव्हा तिची पाळी गेली. महिन्याचं बाजूला बसणं सुटलं म्हणून ती खूशच होती. अधूनमधून कानशिलं तापायची, ऐन थंडीत मानेवर घाम फुटायचा. त्याचा आळ तिने ओल्या सरपणावर घातला. या गोष्टीबद्दल कोणी कोणाशी बोलायची रीतच नव्हती. पाळी आली तेव्हा आईने कानात चार शब्द सांगितले होते, गेली तेव्हा सांगायला कोणी नव्हतं.

त्यानंतर चार वर्षांनी, दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या सालात, शिंक्याचं प्रकरण सुरू झालं.

एका दुपारी साळूबाईने सवयीने हात वर केला आणि तुपाचं गाडगं काढायला गेली, तर बोटं गाडग्याच्या बुडाला लागली आणि तिथेच थांबली. टाचा उचलल्या तेव्हा कुठे गाडगं हाती आलं. तिने वर बघितलं. शिंक्याचा दोर तोच होता, आढं तेच होतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की दोर कोणीतरी आखडून बांधलाय. घरात माणसं चार. नवरा आणि मुलगा राधाकृष्ण स्वैपाकघरात फक्त जेवायला येत. राहिली सून, मालन.

मालन पारनेरच्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, ठेंगणी, कमी बोलणारी. तिला शिंक्याला हात लावायचा तर पाटावर चढावं लागे. मग ती दोर आखडेल कशाला? साळूबाईने याचंही उत्तर शोधलं. सुनेला तसंही पाट लागतोच, आता सासूलाही लागावा म्हणून. सासूने दर वेळी तिला हाक मारावी म्हणून. साळूबाईने दोराच्या गाठीवर लाल सुताचा धागा गुंडाळून ठेवला. गाठ कोणी सोडली तर धागा हलणार होता.

धागा महिनाभर होता तसाच राहिला. शिंकं मात्र खाली आलं नाही, उलट दिवाळीच्या सुमाराला तिला टाचा उचलूनही गाडगं मिळेना. तेव्हा तिने ठरवलं की मालनला धागा दिसला असणार आणि तिने गाठ सोडून, बांधून, तो पुन्हा होता तसा गुंडाळला असणार. एवढी सफाई असलेल्या बाईबरोबर आपण एका छपराखाली राहतो, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

मग लुगड्यांचं निघालं. रेशनच्या दुकानातून आणलेलं नवं लुगडं नेसलं तर काठ टाचेखाली येऊ लागला. कंट्रोलच्या दिवसांत कापड कमी भरायचं, जास्त पन्हा कोण देणार? तिने पेटीतलं जुनं लुगडं काढून नेसून बघितलं. तेही लोळत होतं. मालनने आपली लुगडी बदलली की काय, म्हणून तिने काठाची वीण तपासली. लुगडं आपलंच होतं. या एका ठिकाणी तिचा संशय अडखळला, पण फार वेळ नाही. कंबर वाळली असेल, नेसण सैल होत असेल, असं म्हणून तिने निऱ्या वर खोचल्या.

घरात भांडण नव्हतं. नुसती नजर होती. मालन भाकरी थापत असली की साळूबाई दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी राही. पाठ टेकावी लागे, कारण खांद्यांच्या मधोमध एक दुखणं येऊन बसलं होतं. त्याबद्दल ती कोणाजवळ बोलली नाही. दुखतं असं कळलं तर मालनला बरं वाटेल, असं तिला वाटायचं.

पौषातल्या एका सकाळी अंगणात सडा टाकून झाला होता. जमीन ओली होती. दाव्याला बांधलेल्या कालवडीने मान झटकली, साळूबाई एक पाऊल मागे सरली, पाय घसरला आणि ती हात मागे टेकून खाली बसली. पडली असंही म्हणता येणार नाही, बसलीच. पण उजव्या मनगटातून कळ निघाली ती दंडापर्यंत गेली. बघते तर मनगट पळीसारखं वाकलेलं. मालन शेणाची पाटी घेऊन दोन पावलं मागेच होती. पाटी टाकून तिने सासूला दंडाला धरून उठवलं. नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडून शेजारच्या आसारामच्या आईने डोकं वर काढलं आणि विचारलं की काय झालं, ढकललं का काय कोणी.

साळूबाई गप्प राहिली. खरी गोष्ट अशी की त्या घटकेला तिला स्वतःलाच नक्की वाटत नव्हतं. एवढ्याशा बसण्याने माझा हात मोडेल? ज्या हाताने मी दोन-दोन हंडे वाहिले तो?

गावात हाडं बसवायला सहादेव म्हणून म्हातारा होता. त्याने मनगट ओढून जागेवर आणलं, मैदालकडीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलं. बांधताना त्याने गहिनीनाथाला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं की हात कोणी पिरगळला का. घसरले, असं ती म्हणाली. एवढ्यावरच? असं विचारून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या त्या बघण्याने साळूबाईच्या मनातल्या संशयाला खतपाणी मिळालं. हाडं जाणणाऱ्या माणसालाही हे साधं वाटत नाही, म्हणजे काहीतरी आहेच.

आठवड्याच्या आत घाटावर बोलणं पक्कं झालं की गहिनीनाथाच्या सुनेने सासूचा हात मोडला. पाणी भरायला गेलेल्या मालनच्या शेजारी कोणी हंडा टेकवेना. राधाकृष्णाने आईला विचारलं. तिने सांगितलं की मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. हे खरं होतं. तिने नाव घेतलं नव्हतं आणि नाव काढूनही टाकलं नव्हतं.

बातमी मोटारीच्या रस्त्याने पारनेरकडे पोचली आणि मालनचा भाऊ गोरक्ष आला. तो ओसरीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला. शेजारपाजारचे चार लोक जमले होते.

"मावशी, तुमीच सांगा," तो म्हणाला. "माज्या बहिनीनं तुमाला ढकललं का?"

साळूबाईने बांधलेला हात पोटाशी धरला होता. मालन चौकटीत उभी होती आणि सासूकडे बघत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"मी पाठमोरी हुते," साळूबाई म्हणाली. "मागचं मला काय दिसतंय?"

मालनने आत जाऊन आपली पत्र्याची पेटी बाहेर आणली. जाताना तिने सासऱ्याच्या पायाला हात लावला, सासूच्या नाही. त्या दिवसापासून राधाकृष्ण जेवण घेऊन मळ्यात जाऊ लागला. गहिनीनाथ बाजारातून आणलेल्या वस्तू बायकोपुढे ठेवीनासा झाला.

चाळीस दिवसांनी सहादेवने कामट्या सोडल्या. मनगट जुळलं होतं, थोडं तिरकं. त्याने ते दोन्ही हातांत धरून दाबून बघितलं. त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं.

"पन्नास वर्सं हाडं बसवतोय मी," तो म्हणाला. "बाप्ये पडत्यात झाडावरनं न्हाईतर गाडीवरनं. तुज्या वयाच्या बाया पडत्यात उंबऱ्यावरनं, न्हानीत, अंगनात. आन् मोडतं ते हितंच, मनगटात. दरसाल चार-पाच बाया येत्यात. मी त्या दिशी तुला उगा इचारलं. समद्यांच्या सुना का वाईट हायेत?"

साळूबाईला तो सुनेच्या बाजूने फितवलेला वाटला. गोरक्षने त्याला गाठलं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

फाल्गुनात ती एकटीच घरी असताना बैलांसाठी पाण्याचं घमेलं उचलायला वाकली. घमेलं अर्धंच भरलेलं होतं. ते जमिनीवरून सुटलं आणि तिच्या पाठीत आत कुठेतरी वाळकी तुराटी मोडावी तसं काहीतरी मोडलं. घमेलं सुटून पाणी सांडलं. ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि श्वास घेता येईना तरी तिने पहिली गोष्ट कोणती केली तर मान वळवून मागे बघितलं.

मागे कोणी नव्हतं. अंगण रिकामं होतं, दार लोटलेलं होतं, भिंतीपलीकडेही कोणी नव्हतं. मालन तीस कोसांवर होती.

पंधरा दिवस ती अंथरुणावर पडून होती. कूस बदलायची तर गहिनीनाथाला हाक मारावी लागे. छताकडे बघत ती तो अर्धा क्षण पुन्हा पुन्हा आठवे, कालवडीने मान झटकली तेव्हाचा. पाठीला कोणाचा हात लागला होता का? लागला असता तर कळलं नसतं का?

सहादेव येऊन बघून गेला आणि त्याने सांगितलं की पाठीतलं माझ्या हाताला लागत नाही, नगरला न्या, तिथे हाडाचा फोटो काढतात. राधाकृष्णाने आईला सर्व्हिस मोटारीत कडब्याच्या पेंढीवर गोधडी टाकून बसवलं. नगरपर्यंत मायलेकरांमध्ये दहा वाक्यंही झाली नाहीत.

दवाखान्यात तिला बघायला आली ती डॉक्टरीण तिशीची होती, दमयंतीबाई म्हणून. साळूबाईने आधी तिच्या गळ्यात क्रूस आहे का ते पाहिलं, मग मंगळसूत्र आहे का ते पाहिलं. दोन्ही नव्हतं, त्यामुळे तिला काही ठरवता येईना. फोटोच्या खोलीत थंडगार फळीवर झोपवून मोठं यंत्र तिच्या पाठीवर आणलं तेव्हा तिने विचारलं की यातून आतलं काय काय दिसतं. फक्त हाडं, असं उत्तर मिळालं. तिचा विश्वास बसला नाही.

फोटो आल्यावर दमयंतीबाईंनी राधाकृष्णाला बाहेर बसवलं आणि पाळी कधी गेली ते विचारलं. साळूबाईने तोंड फिरवलं. पाठीच्या दुखण्यात हे कशाला, असं तिला वाटलं. डॉक्टरीण थांबून राहिली, घाई केली नाही. शेवटी साळूबाईने भिंतीकडे बघत सांगितलं, चार-पाच वर्षं झाली.

मग डॉक्टरणीने तिला भिंतीशी उभं करून उंची घेतली. आकडा ऐकून साळूबाई म्हणाली की तुमची काठी चुकीची आहे, मी यापेक्षा उंच आहे. दमयंतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरायला लावले आणि एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप धरली.

"माणसाची वाव आणि उंची साधारण सारखी असते," त्या म्हणाल्या. "एखादं बोट इकडेतिकडे. तुमची वाव उंचीपेक्षा पाच बोटं जास्त आहे. म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. तुम्ही होतातच उंच. ही पाच बोटं पाठीतून गेली."

त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पाठीचे मणके एकावर एक रचलेले दिसत होते, आणि त्यातले तीन ओल्या विटेवर पाय पडावा तसे पुढून चेपलेले होते. पाळी असते तोवर बाईच्या शरीरात एक रस तयार होतो, त्याच्या जोरावर हाडं भरलेली राहतात, असं त्यांनी सांगितलं. तो आटला की काही बायकांची हाडं आतून पोकळ होत जातात. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी बसल्या जागी मनगट मोडतं, वाकल्या जागी मणका दबतो. हे हल्लीच कुठे नीट लिहिलं जाऊ लागलंय, आणि गेलेलं हाड परत आणायचं औषध माझ्याजवळ नाही, हेही त्या म्हणाल्या.

"मग हाय ते तरी ऱ्हाईल का?" साळूबाईने विचारलं.

राखता येईल, त्या म्हणाल्या. रोज दूध प्यायचं, ताक, तीळ, नाचणी, पालेभाजी खायची. सकाळच्या उन्हात बसायचं. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, चालायचं. वाकून वजन उचलायचं नाही. ओल्या जमिनीवर जपून पाय टाकायचा. शेवटी त्यांनी एक तेलाची बाटली पुढे केली. साळूबाईने बूच काढून वास घेतला आणि हे कशाचं आहे ते विचारलं. माशाच्या काळजाचं, त्या म्हणाल्या. साळूबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिने बाटली टेबलावर परत ठेवली. पण येताना मोटारीत ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. या बाईला खोटं सांगता आलं असतं. माळ तिला दिसत होती, तरी तिने खरं सांगितलं.

तरीही टेपवर तिचा विश्वास नव्हता. माप आपल्या हातचं असेल तरच खरं. दुसऱ्या दिवशी तिने गोठ्यातला कासरा काढला आणि घरातल्यांना उभं केलं. राधाकृष्णाची वाव कासऱ्यावर धरून गाठ मारली, मग त्याच्या टाचेपासून माथ्यापर्यंत कासरा लावला. गाठ माथ्यावर आली. गहिनीनाथाचं अर्ध्या बोटाने कमी भरलं. मग तिने गहिनीनाथाकडून आपलं माप घेववलं. कासरा डोक्यावरून पाच बोटं वर राहिला.

हे आपलं एकटीचं असेल, म्हणून ती गावात निघाली. काठी टेकत, कासरा खांद्यावर टाकून. कुंभाराची साळूबाई पस्तिशीची होती, तिचं माप बरोबर उतरलं. बहिरी साळूबाई साठीच्या पुढची, तिला हात पसरायला खुणेने सांगावं लागलं. तिचा कासरा सहा बोटं उरला. आसारामच्या आईला संशय आला की हिने काहीतरी उतारा-बितारा काढलाय, ती उभीच राहीना. शेवटी राहिली. चार बोटं. चैत्रभर साळूबाई मापं घेत फिरली. केस पिकलेल्या बायका जवळजवळ सगळ्या कासऱ्याला कमी पडत होत्या, कोणी एक बोट, कोणी सात. आणि त्यातल्या तिघींची मनगटं सहादेवने बसवलेली होती.

एका सकाळी ती कासरा मांडीवर घेऊन उन्हात बसली असताना राधाकृष्ण समोरून गेला. तिने त्याला थांबवून सांगितलं की पारनेरच्या मोटारीची चौकशी कर, मला जायचंय. कशाला, असं त्याने विचारलं नाही.

मालनच्या माहेरी ती पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. मोटारीतून उतरून दोन कोस बैलगाडीत बसून आल्यामुळे तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. गोरक्षने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. मालन माजघराच्या दारात आली. तिला सासू एकदम लहान झालेली दिसली.

साळूबाईने दवाखान्यातलं सगळं सांगितलं, फोटोचं, मणक्यांचं. तुझा हात लागला नव्हता, मी आपणहून पडले, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. मालनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तवा गप का बसल्या?" तिने विचारलं.

"मला खरंच वाटलं हुतं, तू असशील म्हनून. शिंक्याचा दोर बी तूच आखडला असं वाटलं हुतं."

"कंचा दोर?"

साळूबाईने शिंक्याचं सांगितलं, लाल धाग्याचं सांगितलं, लुगड्यांचं सांगितलं. सांगताना तिला पहिल्यांदाच लाज वाटली, कारण मालनच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. जिच्यावर इतके महिने पहारा ठेवला तिला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

"हितं बोलून काय उपेग, आत्याबाई?" मालन शेवटी म्हणाली. "माज्या माहेरात मला कुनी दोष देत न्हाई. तुमच्या घाटावर बोला."

ती बरोबर आली नाही. साळूबाई तशीच परत फिरली. दुसऱ्या दिवशी पाणी भरायच्या वेळेला ती घाटावर गेली. हंडा न घेता गेली म्हणून सगळ्या बायकांचं लक्ष गेलं. तिने आसारामच्या आईला नावाने पुढे बोलावलं आणि सांगितलं की माझ्या सुनेने मला ढकललेलं नाही, त्या दिवशी तिने मला उचललं, आणि मला ते माहीत असून मी सांगितलं नाही. माहीत असून, हा शब्द तिने मुद्दाम घातला. तो पुरता खरा नव्हता, पण कमी बोलून भागणार नाही हे तिला कळलं होतं. दोघी-तिघींना वाटलं की मुलाने आईला दम देऊन हे बोलायला लावलं असणार, आणि तसं त्या पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिल्या.

आषाढ लागायच्या आधी गोरक्ष बहिणीला सोडून गेला. या खेपेला तो ओसरीवर बसून चहा प्याला.

साळूबाईची पाठ पुढे वाकत गेली, ती काही थांबली नाही, पण सावकाश गेली. हंडा तिने पुन्हा उचलला नाही. उचलायचं काही असलं की कोणालाही निःसंकोच हाक मारायला ती शिकली, आणि ते तिला दुधापेक्षा जड गेलं. दुधाचं मात्र तिने घरात भांडण करून घेतलं. तोवर घरच्या म्हशीचं दूध रतिबाला जाई, उरलेलं बाप्यांच्या वाटीत, आणि बायकांना ताकाखालचं पाणी. तिने सांगितलं की रतीब कमी करा. गहिनीनाथाने केला.

मालन आल्याच्या दुसऱ्या सकाळी साळूबाईने दोन वाट्या दूध तापवलं. एक स्वतःसमोर ठेवली, दुसरी सुनेपुढे सरकवली. मालनने वाटीकडे बघितलं, मग सासूकडे.

"मला कशाला?" तिने विचारलं.

"तुजी हाडं आत्ता भरायची हायेत. माजी भरायची राह्यली."

मालनने वाटी उचलून नाकाशी नेली, वास घेतला आणि परत खाली ठेवली. साळूबाईने आपली वाटी घेतली, अर्धी प्याली, मग ती सुनेपुढे ठेवून तिची भरलेली वाटी आपल्याकडे ओढली आणि त्यातलेही दोन घोट घेतले. मालन हे सगळं नीट बघत होती. जरा वेळाने तिने जवळची वाटी उचलली आणि सासूवरची नजर न काढता सावकाश दूध पिऊ लागली.